साळवेसाहेबांचं सोमवारचं कार्ड

साळवेसाहेबांना कोणी वैतागून ‘डोन्ट पेस्टर मी’ म्हटलं की त्यांचा चेहरा खुलायचा. दुसरा माणूस ओशाळला असता, निदान गप्प तरी बसला असता. साळवेसाहेब समोरच्याला खुर्ची द्यायचे, धोतराने पुसावा तसा सावकाश रुमालाने चष्मा पुसायचे आणि विचारायचे, “पेस्टर म्हणालात. मूळ माहीत आहे का?”

मूळ सांगायला त्यांना अकरा मिनिटं लागत. मी दोनदा घड्याळ लावून पाहिलं आहे. आमच्या कॉलनीतल्या चौतीस घरांपैकी एकोणतीस घरांनी ते ऐकलेलं होतं. उरलेल्या पाच घरांतली माणसं इंग्रजी बोलत नसत, म्हणून वाचली.

नाशिकला इंदिरानगरच्या कडेला आमची ही कॉलनी उभी राहिली तेव्हा आजूबाजूला शेतं होती. मी पिकांच्या आकडेवारीच्या कचेरीत होतो. देवळ्याकडे कांदा किती हेक्टर, निफाडकडे गहू किती, हे जमवायचं आणि बेरजा तपासायच्या, हे माझं काम. साळवेसाहेब माझ्यापासून बेचाळीस पावलांवर राहत. देवळाली कॅम्पातल्या एका लष्करी कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन ते इथे आले. उंच, सडपातळ, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन. त्यांच्या पत्नी पंचवटीतल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. सगळी शाळा त्यांना बाई म्हणायची, सगळी कॉलनी बाई म्हणायची, आणि साळवेसाहेबही बाईच म्हणायचे. दोन मुलींची लग्नं झालेली. घरात दोघंच.

तर मूळ असं. साळवेसाहेब नोकरीला नवे असताना त्यांनी वरच्या कचेरीला टेबलाच्या कुलपासाठी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्या पत्रावर लाल पेन्सिलीने शेरा आला, ‘डू नॉट पेस्टर’. शब्द अनोळखी. त्यांना वाटलं, शिवी असावी. लष्करी शेऱ्यात शिवी म्हणजे नोकरीचा प्रश्न. ते रविवारी सायकल मारत नाशिकच्या वाचनालयात आले आणि दोन हातांनी उचलावा लागणारा मोठा कोश काढून बसले. अर्थ दिला होता, वारंवार त्रास देणे. पण त्याखाली बारीक अक्षरात त्याचं कूळ दिलं होतं. जुन्या फ्रेंचमधून आलेला शब्द. त्याच्याही मागे लॅटिन. आणि तिथे अर्थ काय? चरायला सोडलेल्या घोड्याच्या पायात बांधायची दोरी.

“पायबंद!” इथे साळवेसाहेब मांडीवर थाप मारत. “निकम, मी लहानपणी गावच्या पाटलांची घोडी राखलेली आहे. पुढचे दोन पाय असे बांधायचे, हातभर दोरी ठेवायची. घोडीला इजा नाही. घोडी चरते, पाणी पिते, शेपूट हलवते. फक्त लांब जात नाही. आणि हे लिहिलेलं कुठे? विलायतेच्या कोशात! म्हणजे त्यांचीही घोडी पळत होती.”

“पण लोक म्हणतात, तो शब्द प्लेगवरून आला,” मी एकदा म्हणालो. ‘पेस्ट’ म्हणजे कीड, हा शब्द मला औषधफवारणीमुळे ठाऊक होता.

“चूक. पुढे दोन्ही शब्द शेजारी राहायला आले, म्हणून ह्याला त्याचा वास लागला. मूळ बघा.”

त्यांनी त्रास देण्याच्या सगळ्या इंग्रजी क्रियापदांची अशी झाडाझडती घेतली होती. ‘ॲनॉय’च्या पोटात लॅटिन द्वेष आहे, म्हणून तो शब्द ते घरात वापरत नसत. ‘व्हेक्स’ म्हणजे गदागदा हलवणं. ‘हॅरास’ म्हणजे शिकारी कुत्रं अंगावर सोडणं, असं काही विद्वानांचं मत आहे, असं ते प्रामाणिकपणे सांगत. “मी कुणावर कुत्रं सोडत नाही. मी दोरी बांधतो. फरक आहे.”

‘फरक आहे’ हे ते दिवसातून वीसेक वेळा म्हणायचे.

दोरी म्हणजे पोस्टकार्ड. त्यांची पद्धत ठरलेली होती. कुठल्याही कचेरीला पहिला अर्ज बंद पाकिटात. त्यानंतर दर सोमवारी एक पोस्टकार्ड. वर लाल शाईत फाइलचा क्रमांक, खाली ‘स्मरणपत्र क्रमांक अमुक’, मग चार ओळी, प्रत्येक वेळी त्याच. आवाज चढवायचा नाही, ‘खेद वाटतो’ लिहायचं नाही, वरिष्ठांकडे जाऊ अशी धमकी द्यायची नाही. आणि पाकीट नाही, कार्डच.

“का सांगा?” ते विचारायचे. “पाकीट एकटा साहेब फोडतो आणि खणात टाकतो. कार्ड उघडं असतं. पोस्टमन वाचतो, आवक कारकून वाचतो, शिपाई वाचतो, पाणी देणारी बाई दुसऱ्याकडून वाचून घेते. साहेबाच्या टेबलावर जाईपर्यंत पाच-सहा माणसांना माहीत झालेलं असतं की ह्या साहेबाने काम केलेलं नाही. साहेब कार्ड वाचत नाही, तो फक्त नंबर बघतो. पण शिपाई त्याच्याकडे कसा बघतो, ते त्याला दिसतं.”

ही पद्धत चालायची, हे मला आकड्यांनिशी मान्य करावं लागेल. कोपऱ्यावरचा दिवा एकोणीस कार्डांत लागला. नाल्यावरचा पाइप सव्वीस. लाल टपालपेटी सर्वांत स्वस्तात, आठ कार्डांत मिळाली. पोस्टाला बहुधा त्यांचा भार जवळूनच उचलायचा होता.

पण दोरी फक्त कचेऱ्यांसाठी नव्हती. मी एकदा ट्यूबलाइट बदलायला त्यांची शिडी आणली आणि ती माझ्याकडे नऊ दिवस राहिली. दहाव्या दिवशी पोस्टमनने मला कार्ड दिलं. ‘विषय: शिडी. स्मरणपत्र क्रमांक एक. आपणास विनंती की...’ बेचाळीस पावलांचं अंतर, आणि कार्ड शहरातल्या मुख्य पोस्टात जाऊन शिक्का खाऊन दोन दिवसांनी माझ्याकडे आलं होतं. माझी बायको सुमन माझ्यावर भडकली. “पोस्टमन मला विचारतोय, वहिनी, शिडी दिली का परत? तोंड कुठे लपवू?”

मी शिडी खांद्यावर घेऊन गेलो. साळवेसाहेबांनी चहा पाजला, शिडीचा विषयही काढला नाही. दोन दिवसांनी दुसरं कार्ड आलं. ‘काम पूर्ण. आभारी आहे.’

बाईंना हे सगळं ठाऊक होतं आणि त्या त्यावर फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाल्या, “लग्नानंतर मला माहेरी पंधरा दिवस जास्त झाले, तर ह्यांचं कार्ड आलं होतं. स्मरणपत्र क्रमांक दोन. क्रमांक एक माझ्या वडिलांनी लपवलं होतं.”

आता बसची गोष्ट.

कॉलनीत बस येत नव्हती. शहराची बस आग्रा रोडवरून सरळ निघून जायची. कॉलनीपासून तिथपर्यंत माझ्या पावलांनी एक हजार नऊशे चाळीस. मी एकटा सोळा मिनिटांत जायचो. बाईंना बावीस लागत. त्यांची सकाळची शाळा, म्हणजे साडेसहाला घर सोडायचं. सुमन आमच्या दीड वर्षाच्या मुलीला कडेवर घेऊन दवाखान्यात जायची तेव्हा तिला पंचवीस लागत, आणि परत आल्यावर ती माझ्याशी अर्धा तास बोलत नसे.

बाईंना निवृत्त व्हायला पंधरा महिने राहिले होते तेव्हा साळवेसाहेबांनी ठरवलं, त्यांच्या नोकरीच्या आत बस कॉलनीत आणायची. मला बोलावून म्हणाले, “निकम, तुमचं खातं आकड्यांचं. मला आकडे पाहिजेत.”

मी तीन दिवस सकाळी साडेपाच ते नऊ वळणावर उभा राहून मोजलं. रोज सरासरी त्रेसष्ट माणसं पायी आग्रा रोडला जात होती. तक्ता केला, खाली सही केली. तो अर्जाला जोडला गेला. महिनाभराने बसच्या कचेरीतून उत्तर आलं, फाइल क्रमांक चारशे सतरा, मागणी विचाराधीन आहे. साळवेसाहेबांनी लाल पेनचं टोपण काढलं. मार्चमधल्या एका सोमवारी पहिलं कार्ड गेलं.

कॉलनीत ह्याची पैजच लागली होती. दर सोमवारी चार वाजता ते कार्ड हातात घेऊन पेटीकडे निघाले की कोणीतरी गच्चीवरून ओरडायचं, “साहेब, आज किती?”

“अकरा.”

“किती लागतील?”

“बाई तीस एप्रिलला रिटायर होतात. त्याच्या आत.”

आणि बस येईपर्यंत ते स्वतः रोज बाईंना आग्रा रोडपर्यंत पोहोचवायला जायचे. बाईंची पिशवी त्यांच्या खांद्याला, छत्री त्यांच्या हातात. बाई पुढे अर्धं पाऊल. दोघं सारखी बोलत असायची. कधी मी मागून गाठलं तर कानावर पडायचं. बाई वर्गातल्या एखाद्या मुलीने भागाकारात बाकी कुठे लपवली ते सांगत असत, आणि साळवेसाहेब मध्येच, “बाकीचं मूळ बघा,” म्हणत. बाई म्हणत, “मूळ नको, उत्तर सांगा.” बस आली की बाई चढत. साळवेसाहेब बस वळेपर्यंत उभे राहत आणि मग रिकाम्या हातांनी लांब टांगा टाकत परत येत.

मार्चची दिवाळी झाली, दिवाळीचा फेब्रुवारी झाला. कार्डांचा आकडा पन्नासवर गेला. बस आली नाही. इतकी कार्डं कुठल्याच कामाला लागली नव्हती. लोक आता गच्चीवरून आकडा विचारेनासे झाले. सुमन म्हणाली, “तुमच्या साळवेसाहेबांची दोरी तुटली वाटतं.”

मला ते लागलं. तक्त्यावर माझी सही होती. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मी अर्धी रजा टाकून स्वतःच बसच्या कचेरीत गेलो. चारशे सतरा नंबरची फाइल देवरे नावाच्या कारकुनाकडे होती. ते सटाण्याकडचे, अहिराणी बोलणारे.

“काय शे, भाऊ?” देवरे वर न बघता म्हणाले. मी कॉलनीचं नाव सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. “अरे! तुमच्या त्या साळवेकाकांचं कसं आहे?”

“दोन दिवस ताप आहे. का?”

“दोनच दिवस? अहो, मला वाटलं, म्हातारा गेला! सप्टेंबरपासून कार्ड नाही. आधी बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग मंगळवार आला की चुकल्यासारखं व्हायला लागलं. शिपाईसुद्धा विचारतो, आज कार्ड नाही का साहेब?”

“कार्ड नाही? दर सोमवारी जातं. मी डोळ्यांनी बघतो.”

“माझ्याकडे सव्वीस आहेत. सव्विसाव्याला साहेब टेकीला आले होते, म्हणाले, देवरे, ह्यांचं एकदा काढून टाका. एक सही राहिली होती. दोन-तीन कार्डं आणखी आली असती तर दसऱ्याला बस सुटली असती. कार्डं थांबली, मी फाइल वरच्या रॅकवर टाकली. मला काय एकच काम आहे का?”

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी मान वर केली. “कार्ड? सोमवारचं? लाल शाईचं?” त्यांनी खण उघडला आणि क्लिप लावलेला एक गठ्ठा टेबलावर आपटला. “हा माणूस कोण आहे ते मला आधी सांगा. आगारातल्या कँटीनच्या गळक्या छताची फाइल माझ्याकडे. चारशे एकाहत्तर. दर मंगळवारी ह्याचं कार्ड. शेवटी मी भांडून छत दुरुस्त करून घेतलं. पत्रे नवे टाकले. तरी ह्याचं कार्ड थांबत नाही!”

मी गठ्ठा मोजला. चोवीस. प्रत्येकावर त्या वळणदार अक्षरात चारशे एकाहत्तर.

“अहो, पण खाली लिहिलंय की कॉलनीत बस सोडा.”

“मजकूर कोण वाचतो? नंबर बघायचा, फायलीला लावायचं.”

मी देवऱ्यांना म्हणालो, की मग ही कार्डं तुमचीच आहेत, घ्या आणि फाइल खाली काढा. देवरे दुखावल्यासारखे झाले. “असं कसं? चूक अर्जदाराची आहे. अर्जदाराने दुरुस्त करायची. बरोबर नंबराचं एक कार्ड येऊ द्या. एकच. त्या दिवशी फाइल खाली काढतो.”

मी अक्षरशः पळत घरी आलो. चूक सापडण्याचा आनंद काय असतो, हे आकड्यांत काम करणाऱ्यालाच कळेल. साताची आणि एकाची अदलाबदल! आमच्या कचेरीत महिन्याला दहा वेळा होते. एका कार्डाचं काम होतं, आणि बाईंच्या नोकरीचे अजून दहा आठवडे शिल्लक होते.

साळवेसाहेब बाहेरच्या खोलीत कॉटवर पडले होते, गळ्याभोवती मफलर. बाई औषध आणायला गेल्या होत्या. त्या दिवशी सकाळी त्या एकट्याच आग्रा रोडला गेल्या होत्या, असं सुमनने मला सांगितलं होतं. उशाशी एक्कावन्नावं कार्ड लिहून तयार होतं.

“बरं झालं आलात,” ते म्हणाले. “हे पेटीत टाका. साडेपाचला पेटी उघडतात.”

मी कार्ड पाहिलं. चारशे एकाहत्तर.

“साहेब, चूक सापडली!” मी सगळं सांगितलं. देवरे, रॅक, कँटीनचं छत. खिशातून पेनही काढलं. “सप्टेंबरपासून नंबर चुकतोय. सत्तावीस नंबरच्या कार्डापासून. मी दुरुस्त करतो आणि टाकतो.”

“राहू द्या.”

“अहो, चारशे सतरा पाहिजे.”

“माहीत आहे.”

मला वाटलं, तापात बोलताहेत. मी पुन्हा सांगायला लागलो. त्यांनी हात वर केला.

“निकम, मी लष्करात एकतीस वर्षं फायली सांभाळल्या. माझा नंबर चुकतो का?”

मी खाली बसलो.

“शिक्षकदिन रविवारी आला होता,” ते म्हणाले, “म्हणून शाळेत शनिवारीच साजरा होता. बाई नवी साडी नेसल्या होत्या. वाटेत म्हणाल्या, ‘एकतीस वर्षांत तुम्ही माझ्याशी एवढं बोलला नव्हता.’ खरं आहे. मी पावणेसहाला सायकलने कॅम्पात जायचो. मी संध्याकाळी यायचो तेव्हा त्या शिकवणीला बसलेल्या. जेवताना मुली बोलायच्या. आम्ही दोघं एका घरातल्या दोन पाळ्या होतो. मग बाई म्हणाल्या, ‘बस आली की हे बंद होईल, नाही?’ हसत म्हणाल्या. सहज. आणि त्यांची बस आली.”

“मग?”

“मग सोमवारी कार्ड लिहायला बसलो. चार लिहिला. आणि सात लिहिला.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी विचारलं, “पण मग कार्ड पाठवायचंच कशाला? बंद करायचं.”

“बाई विचारतील. पेटीकडे गेलो नाही तर सगळी कॉलनी विचारेल. आणि बंद केलं असतं तर मी काम सोडलं असं झालं असतं. काम मी सोडलेलं नाही. मजकूर खरा आहे.”

मला राग आला. मी तो लपवला नाही. “साहेब, रोजची त्रेसष्ट माणसं. जाऊन येऊन जवळजवळ चार हजार पावलं. चोवीस आठवडे. माझी बायको मुलीला कडेवर घेऊन जाते. तुम्ही एका माणसासाठी त्रेसष्ट माणसांना चालवलं.”

“हो,” ते म्हणाले. एवढंच. सबब नाही, ‘फरक आहे’ नाही. मफलर नीट करत म्हणाले, “ह्याला इंग्रजीत काय म्हणतात, ते मी शोधलेलं नाही. धीर झाला नाही. तुम्ही माझी तक्रार करा. रीतसर. तुमचा तो हक्क आहे.”

मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, “हे कार्ड धरलं नाही तर नऊ सोमवार राहिलेत. मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी बरोबर नंबर जाईल. शब्द देतो.”

फाटकाचा आवाज झाला. बाई औषध घेऊन आल्या. चप्पल काढता काढता म्हणाल्या, “निकम, ह्यांना जरा सांगा, उद्या सकाळी माझ्याबरोबर निघायचा हट्ट करू नका म्हणावं. ताप आहे अंगात. आज एकटी गेले तर रस्ता काही मला गिळत नव्हता.” आणि आत जाता जाता, “लांब मात्र वाटला.”

मी कार्ड घेऊन उठलो.

टपालपेटी कोपऱ्यावर, माझ्या वाटेतच. तिथे मी बराच वेळ उभा होतो. माझ्या खिशात लाल पेन होतं. एकाचा सात करणं आणि साताचा एक करणं, दोन रेघांचं काम. नोकरीत मी चुकीचा आकडा माझ्या टेबलावरून पुढे जाऊ दिलेला नव्हता. मामलेदारांशी, वरिष्ठांशी मी एका शून्यासाठी भांडलो होतो. मी पेनचं टोपण काढलं. मग मला एकदम दिसलं, की मी आकडा दुरुस्त केला तर तो बरोबर होईल आणि बाईंना शाळेत जायला बस मिळेल, आणि ती बस कोणालाच नको आहे. कोणालाच, म्हणजे त्या दोघांना. बाकीच्या एकसष्ट माणसांना हवी होती. त्यांत सुमन होती. हे गणित मी दोन-तीन पद्धतींनी मांडलं. प्रत्येक वेळी उत्तर एकच येत होतं, आणि ते साळवेसाहेबांच्या विरुद्ध होतं.

मी टोपण लावलं आणि कार्ड होतं तसं पेटीत टाकलं.

घरी सुमनने विचारलं, “काय म्हणाले बसवाले?”

“विचाराधीन आहे,” मी म्हणालो. त्यानंतरचे नऊ आठवडे दवाखान्यात जायचं असलं की मुलीला कडेवर घेऊन मी जात होतो. सुमनला ह्याचं फार कौतुक वाटलं. मी तिला कारण सांगितलं नाही. आज हे छापून आलं की कळेल.

तीस एप्रिलला बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशीही दोघं पायी आग्रा रोडला गेली. त्या दिवशी बस वळून गेल्यावरही साळवेसाहेब तिथेच उभे राहिले, आणि दुपारी बाई परत येईपर्यंत थांबले, असं पानवाल्याने सांगितलं. दोन मेला सोमवार होता. एकसष्टावं कार्ड मी पेटीत पडण्यापूर्वी मागून घेऊन पाहिलं. चारशे सतरा. देवऱ्यांनी शब्द पाळला. तिसऱ्या आठवड्यात कॉलनीच्या वळणावर बस उभी राहिली, पुढे झेंडूची माळ, टपावर हिरव्या फांद्या. ड्रायव्हरला पेढा, कंडक्टरला पेढा.

संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर सतरंज्या टाकून साळवेसाहेबांचा सत्कार झाला. शाल, नारळ. लोकांनी भाषणं केली. एकाने तर ‘बाईंच्या नोकरीच्या आत बस यायला हवी होती, नशीब’ म्हणून हळहळ व्यक्त केली. साळवेसाहेब उत्तर द्यायला उभे राहिले. हातात कागद होता, पण त्यांनी तो वाचला नाही.

“ह्या कामी श्री. निकम यांनी आकडे दिले. त्यांचा आभारी आहे,” ते म्हणाले. “दुसरं. एप्रिलअखेरपर्यंतचे चौतीस आठवडे माझ्या हातून ह्या कामात कसूर झाली. ती माझी एकट्याची. आपण सर्वजण तेवढे दिवस चाललात. मी सर्वांची माफी मागतो.”

मग सगळ्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. सुमन माझ्या कानाशी म्हणाली, “काय विनय आहे बघा माणसाचा!”

मी बाईंकडे बघत होतो. त्या दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. जन्मभर गणित शिकवलेली बाई. त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून मागे सरकत होता आणि ओठ हलत होते. एप्रिल, मार्च, फेब्रुवारी. मी त्यांच्याबरोबर मनात मोजत होतो. डिसेंबर. नोव्हेंबर. ऑक्टोबर. सप्टेंबरच्या पेरावर अंगठा थांबला आणि तिथून हलला नाही.

बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. आणि साळवेसाहेब, जे कुठल्या साहेबापुढे कधी नजर खाली घालत नसत, ते अंगावर शाल घेऊन आपल्या चपलांकडे बघत उभे राहिले.